उलट्या पावली

वीरा ह्युत्तिनेन उलटी चालते.
पाठ वाटेकडे, तोंड आमच्याकडे,
योएन्सूच्या बर्फात खडी पसरलेल्या रस्त्यावर
एकदाही मान न वळवता.
पायरी आली की टाचेनं चाचपते
आणि वाक्य न तोडता वर चढते.

हे वाचनालय, रात्रीही उघडं.
ही खाणावळ. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि धिरडं,
दर गुरुवारी, का ते विचारू नका.
आम्ही सात पाहुणे, गळ्यात नावांच्या चिठ्ठ्या,
हसायच्या जागी हसतो.

माझ्या हातात संस्थेनं दिलेला फॉर्म.
चार रकाने : निवास, भोजन, अभ्यास, करमणूक.
शेवटचा अरुंद, जेमतेम एक शब्द मावेल असा.
वीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर,
रात्री साडेनवाला फाटकाला कुलूप घालणारी.
इथं फाटकच नाही,
हे कुठल्या रकान्यात लिहू?
बॉलपेन तसंही गारठलंय.

चार खोल्यांत मिळून एक स्वयंपाकघर.
फ्रीजच्या कप्प्यांवर चिकटपट्टीची नावं :
केर्टू, लाउरी, तामार.
चौथ्यावर नुसता डिंकाचा डाग.
"आणि हा?" मी विचारलं.
"डिसेंबरात घरी गेला."
"सुट्टीला?"
वीरानं फ्रीजचं दार लावलं
आणि पहिल्यांदाच
आमच्याकडे पाठ करून, सरळ चालू लागली.

बसथांब्यावर लक्षात आलं, एक हातमोजा राहिला.
तशीच उलट्या पावली परतले.

तळघरात कपडे धुण्याची खोली.
भिंतीवर वेळापत्रक, दोरीला बांधलेली पेन्सिल.
रविवारच्या सगळ्या चौकोनांत
वीरा, वीरा, वीरा.
आणि आज, गुरुवारी, दुपारी तीनला, पुन्हा वीरा.
ती बाकावर बसलेली. माझा हातमोजा
तिच्या मांडीवर, वाळत घातल्यासारखा.

"इतके कपडे साठतात?"
तिचं इंग्रजी उसनं, माझंही उसनं,
त्यामुळे असेल, तिनं खरं सांगितलं :
"बरेचदा धुतलेलेच असतात.
पण इथं कुणी ना कुणी येतं."
मग आम्ही दोघी काचेतून बघत राहिलो,
एक पिवळा पायमोजा
पुन्हा पुन्हा वर येत होता.

माझ्याकडच्या मुली आठवल्या.
साडेनऊनंतर एकेक बादली घेऊन
नळापाशी ताटकळणाऱ्या.
"पाणी वाया घालवू नका," मी ओरडायचे.
मला वाटायचं, त्या पाण्यासाठी थांबतात.

यंत्र थांबलं. ड्रायरमधली चादर काढून
तिनं दोन टोकं माझ्या हातात दिली.
ती मागे सरकली, मीही,
चादर ताणली, झटकली,
मग पुढे येऊन टोकांना टोकं.
पुन्हा मागे.
काही न बोलता हे दोघींना येत होतं.

वर रस्त्यावरून बस गेली.
अजून दोन अभ्रे बाकी होते.