उतरलेले : शून्य

सड्यावर आधी गुरं चरायची, आता मी चरते.
म्हणजे पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन
धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते.
खडा, खिळा, मेलेली घूस, टिटवीचं अंडं,
सापडेल ते उचलते, वहीत लिहिते.
माझा हुद्दा लांबलचक आहे.
आई सांगते, ‘विमानतळार झाडू मारता.’
मी दुरुस्त करत नाही.

दिवसाला एक विमान आमच्याकडे, पंख्यांचं,
शुक्रवारी तेही येतंच असं नाही.
पण दर अर्ध्या तासाला वरच्या खोलीतून चांदोरकर
वारा, ढग, दृश्यता, हवेचा दाब
आकड्यांत बांधून जगाला पाठवतात.
कोण वाचतं हे? एकदा विचारलं.
‘मस्कतवाला वाचतो, दोह्यावाला वाचतो.
उतरायला नाही गो.
अडलं तर कुठे टेकायचं, म्हणून.’

वैशाखातल्या एका रात्री अडलं.
गोव्यावर विजा थांबेनात.
मस्कतचं विमान तीन घिरट्या घालून
तेल मोजत आमच्याकडे वळलं.
बंबवाले परब बटणं लावत धावले.
समुद्राच्या अंगाने ते आलं, एवढं
की आमची वाऱ्याची पिशवी बाळाच्या मोज्यागत दिसली.
शिडी लावली, तर दाराला हातभर कमी.
‘बरंच झालं,’ मॅनेजर म्हणाले,
‘उतरवायचं कोणालाच नाहीये.’

कारण देश इथे सुरू होत नाही.
देश सुरू व्हायला काचेचा एक काउंटर लागतो,
शिक्क्यावरची तारीख रोज फिरवणारा माणूस,
पिशव्या उघडायला लावणारा दुसरा,
आणि दिल्लीहून निघालेला एक कागद.
काउंटरची जागा आमच्याकडे आखलेली आहे,
पिवळ्या पट्टीने, तीन वर्षं झाली.
सध्या तिथे व्हीलचेअर ठेवतात.

एकविसाव्या खिडकीत इनास होता,
तिठ्यावरच्या बेकरीवाल्या बोस्त्यावचा.
त्याचा फोन : ‘गो सत्ये, आमच्या भट्टयेचो उजेड दिसता माका.
मगे मी खंय आसंय?’
काय सांगू?
चाकं सड्यावर, तू अजून मस्कतात.

बोस्त्याव सायकलीने कुंपणाशी आला,
मागे पावांची टोपली, वर ओला फडका.
‘मधी किती?’
दोनशे बारा पावलं. मला रोजची पाठ.
पहाऱ्यावरचा जवान डिब्रूगडचा,
त्याने मुद्दाम दुसरीकडे बघितलं.
पण म्हातारा जाळीत बोटं अडकवून नुसता उभा.
मग ओरडला, ‘जेवलंस काय रे?’
विमानाची खिडकी उघडत नाही, हे त्याला कोण सांगणार.
मी फोनवर विचारलं.
‘सँडविच दिल्यानी. सुक्या पावाचा.’
‘सुक्या?’ बोस्त्याव म्हणाला,
एवढ्या रात्रीत तेवढाच एकदा चिडून.

बंबाची शिडी लावून परबांनी पाण्याची खोकी चढवली.
पाणी चालतं.
पाव चालतो की नाही,
ते मॅनेजर फायलीत शोधत राहिले.
पावणेदोनला गोवा उघडलं.
विमान वळलं, पळालं, उठलं,
भट्टीवरून गेलं म्हणतात.

इनास दुसऱ्या दिवशी अकराला एसटीने आला,
आणि झोपला.

पण त्याआधीची पहाट.
पट्टीवर चाकांचे काळे ओरखडे,
आमच्या विमानाच्या दुप्पट रुंद.
पावांची टोपली खांबाला टांगलेली,
जवानाने आणि मी चहात बुडवून खाल्ले, चार-चार.
मग वही.
आलेली विमानं : एक. उतरलेले : शून्य. गेलेली : एक.
दृश्यता, चांदोरकरांना विचारून : दहा किलोमीटर.
कडेच्या दिव्याखाली टिटवी ओरडत होती,
माझ्याभोवती, अगदी डोक्याला घासून.
शेरा : पट्टी मोकळी.
अंडी दोन. हलवली नाहीत.