टिकल्या

यंदाच्या चारही नाटकांत
एक पोरगी बॅग घेऊन मोठ्या शहरात येते
आणि शेवटच्या अंकात तिचं नाव दिव्यांनी उजळतं.
बॅग एकच. रिकामी.
फार हलकी वाटू नये म्हणून मी तिच्यात
लीड्सची जुनी टेलिफोन डिरेक्टरी ठेवते.

स्कारबरोच्या या थिएटरात
माझं काम टिकल्या टाकायचं.
लाल कोटाच्या कॉलरीआड चार नावं आहेत, खोडलेली.
पाचवं ग्वेनचं, पेन्सिलीनं.

ग्वेन बदली नटी.
सगळं पाठ. हशा कुठे पिकतो, तेसुद्धा.
रोज सातलाच रंगून बसते,
पडदा उघडला की पुसते,
मग मला सुई ओवून देते.
नेढं दिसत नाही मला आता.

काल मुख्य नटी दोनदा शिंकली.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.