तांबी

सव्वा महिना भरला तसं
कमला नेहरूच्या ओपीडीत धिवार सिस्टरनं
नमुन्याची एक माझ्या तळहातावर ठेवली.
बघ, घाबरतेस कशाला.
पांढरी, काडेपेटीतल्या काडीहून आखूड,
अंगाला तांब्याची तार वेढलेली.

मी तांबट आळीतली.
असलं तांबं आम्ही संध्याकाळी झाडूनं गोळा करायचो,
कातरीखालचं, पोत्यात भरून वजनावर परत द्यायला.
बाबांच्या मठारकामावर मी पाढे पाठ केले,
सतराचा अजून ठोका ऐकल्याशिवाय आठवत नाही.
आणि हे एवढंसं, ग्रॅमभर तरी असेल का,
मला राखणार म्हणे.

आई म्हणाली होती, अंगावर पितंय तोवर
दिवस जात नाहीत गं.
मी आणि प्रशांत?
आमच्यात तर अकराच महिने.
ती अळीव निवडत राहिली, बराच वेळ,
एकही खडा नसलेले अळीव.

सासूबाईंचं म्हणणं, दोन्ही मुलीच झाल्या,
एकदा बघा अजून.
जणू लॉटरीचं दुकान मंडईच्या कोपऱ्यावरच आहे.

सुहास बाहेर बाकावर.
थोरली मांडीवर, धाकटी खांद्यावर,
मागे भिंतीला बिनटाक्याच्या नसबंदीचं पोस्टर.
त्यानं नेमकी तिथेच पाठ टेकलेली,
पोस्टरातल्या हसऱ्या पुरुषाचं
नुसतं कपाळ दिसत होतं.

दुखेल? थोडं.
पहिले दोन-तीन महिने पाळीत जास्त जाईल.
दोरा हाताला लागतोय ना, बघत जा.
नको वाटली तर ये, काढून देईन.
आणि ह्यांची सही?
सिस्टरनं पेन माझ्याकडेच सरकवलं.
शाळा सुटल्यापासून माझी सही
इतकी सरळ आली नव्हती.

घरी जाताना आळीत थांबले.
बाबा बंबाचा बुडखा ठोकत होते.
ओटीपोटात कळ आली तशी पाटावर टेकले.
विचारलं, बाबा, तांबं किती टिकतं?
हातोडा थांबला नाही.
तुझ्या पणजीचा हंडा अजून पाणी तापवतोय.
मला दहा वर्षं पुरेत.
दहा? कसल्या भांड्याचं बोलतेस?

मी हसले.
एवढ्या ठोक्यांतही धाकटी गाढ.
आतल्या दारात आई उभी होती,
आज हातात काहीच निवडायला नव्हतं.
दुखलं का गं, म्हणाली,
बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं,
दोन ठोक्यांच्या मधे.