साडेचारपर्यंत

तिथल्या मध्यरात्री अर्ज बंद होणार,
म्हणजे आपल्या पहाटे साडेचारला.
आत्ता दीड वाजलाय. ताळगावच्या पठारावर
वारा सुटलाय, क्वार्टरची खिडकी
आपली आपणच उघडते नि मिटते,
आणि पडद्यावर एक चौकोन विचारतोय :
उमेदवाराचे नेतृत्वगुण. एक ते पाच.
खाली पुरावा द्यावा. दीडशे शब्द.

दर्शिता वेळीप. गावडोंगरी, काणकोण.
एवढं लिहून मी चहा टाकायला उठलो.

पुरावा म्हणाल तर
ती निवडणूक हरली आहे. अकरा मतांनी.
ज्यानं वर्गाला रस-ऑम्लेट खाऊ घातलं
तो निवडून आला, नि आता बैठकीला
उशिरा येऊन तिलाच विचारतो
सही कुठं करायची.
ती बोट ठेवून दाखवते.
हे कुठल्या रकान्यात बसतं?

शिबिराचं प्रमाणपत्र जोडलंय.
त्यावर छापलंय 'दर्शना'.
तिनं निळ्या पेनानं काना खोडला,
वर वेलांटी, पुढं ता,
आणि तसंच स्कॅन करून पाठवलं.
कार्यालयातले म्हणाले, नवीन काढून देऊ.
ही म्हणाली, राहू दे, चूक तुमची, अक्षर माझं.

बर्गनला एक सत्र. समुद्र शिकायला.
मीही होतो तिकडे कुठं, हॅम्बर्गला, दोन वर्षं.
परत आलो तेव्हा सगळ्यांनी
फक्त बर्फाचं विचारलं.
एका दुकानात नारळाच्या दुधाचा डबा
हातात धरून मी किती वेळ उभा होतो
हे विचारलं नाही कुणी, मीही सांगितलं नाही.
तिच्या आईनं मात्र परवा फोनवर
नेमकं तेच गाठलं :
"सर, थंय उकडे तांदूळ मेळटात?"
मी म्हटलं, मिळतात. खोटं बोललो असेन.

बरं, गालजीबाग.
बारा जण गेले होते कासवांच्या राखणीला.
डासांनी नऊ परत पाठवले,
एकाला ताप आला, एकाला परीक्षा.
अंड्यांच्या खड्ड्याभोवती दोरी, काठ्या,
तारखेची पाटी, आणि पलीकडं माडांत
इनासच्या तावेर्नचा पांढरा ढणढणीत दिवा.
पिल्लं उजेडाकडं धावतात. समुद्र सोडून.
वनखात्यानं नोटीस दिली होती,
ती त्यानं बाटल्यांखाली अंथरली.

ही गेली, लिंबूसोडा मागवला,
त्याच्या मुलाच्या फुटबॉलचं विचारलं,
दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्याही.
दिव्याचं अक्षर काढलं नाही.
चौथ्या रात्री इनास स्वतःच वाळूत आला,
बॅटरी न लावता, तिच्याशेजारी बसला.
तेव्हापासून साडेनऊला दिवा बंद.
त्याला वाटतं कल्पना त्याचीच.
तिनं कधी दुरुस्त केलं नाही त्याला.

हे पाचपैकी किती?

एक वाक्य मी लिहिणार नाही :
कासवी जन्मल्या किनाऱ्यालाच परत येते वगैरे.
फार सुंदर वाक्य आहे, समितीला आवडेल.
पण पोरीच्या सामानात आधीच
तेवीस किलोंची मर्यादा.

चार वाजून बारा मिनिटांनी पाठवलं.
दीडशे शब्दांत इनास मावला, रस-ऑम्लेट राहिलं.
तिला कळवलं : झालं.
वाटलं, झोपली असेल.

लगेच उत्तर आलं, गालजीबागेहून :
सर, नंतर लिहिते.
एक वर येतेय.