कानाडोळा

मार्चमध्ये वेस्टरोलनच्या धक्क्यावर
शाळा सुटलेली पोरं कॉडच्या जिभा कापत उभी असतात.
डोकं खिळ्यावर अडकवायचं, सपकन् एक काप,
किलोमागे पैसे.
मीही कापल्यात. टोरलाइफनेही.
त्याचा हात माझ्याहून चलाख.
आता जिभा पोरांच्या,
कान माझे.

कवटीमागे आडवी सुरी,
मग चिमट्याने दोन खडे वर काढायचे,
भोपळ्याच्या बीएवढे, कडा कातरलेल्या.
दोनशे मीटर अंधारात
वर कुठे, खाली कुठे,
हे त्यांच्यावरून कळतं माशाला.
मला वेगळंच काही कळतं.

दोन अंगठ्यांमध्ये धरून मोडायचा. टक्.
तुटलेली बाजू वर करून काळ्या मातीत रोवायचा,
त्यावर पाण्याचा थेंब, कडेने दिवा.
एक उन्हाळा, एक हिवाळा.
एक उन्हाळा, एक हिवाळा.
वर्षं कुणीही मोजेल.
मी पाहते ती अगदी आतली दोन वळी,
माशाला स्वतःलाही आठवत नसतील अशा वयातली.
खाडीत जन्मला, खाडीतच राहिला, त्याचं वळं
गोल, आटोपशीर,
टेबलावर कपाचं उमटतं तसं.
वर बारेंट्स समुद्रात वाढून
शेकडो मैल पोहत इथे अंडी घालायला आला, त्याचं
लांबट,
कुणी दोन्हीकडून ओढल्यासारखं.
पहिला खाडीवाला. दुसरा स्क्राय,
जुन्या भाषेत, भटक्या.
दोघांच्या हनुवटीला तीच एक मिशी.
एका जाळ्यात येतात, एका पेटीत बर्फ खातात.
भटके अजून पुष्कळ आहेत.
खाडीवाले राहिलेत थोडे,
म्हणून नकाशावर रेघ आहे,
रेघेच्या आत मोठ्या बोटींनी यायचं नाही.

तक्त्यात आकडे भरायचे.
एक म्हणजे खाडीवाला, नक्की.
पाच म्हणजे भटक्या, नक्की.
दोन आणि चार म्हणजे बहुधा.
बहुधा हा फार मऊ शब्द आहे.
त्यावर डोकं टेकता येतं.

त्या मंगळवारी चाळीस डोकी आली,
बोट ‘हावेला’, मालक टोरलाइफ,
पकड रेघेच्या बाहेर, सही त्याची.
पहिला खडा मोडला. गोल.
दुसरा. गोल.
सातवा लांबट निघाला तेव्हा
मी श्वास सोडला, हे मला ऐकू आलं.
मग पुन्हा गोल, गोल.
कॉफी करून आणली, प्यायले नाही.
दिवा जरा तिरका केला, की
कडा लांबतेय असं वाटू शकतं.
तिरका केला.
सरळ केला.
चाळीसपैकी एकतीस.
एकतीस वेळा एक लिहिलं,
पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.
कागद पुढे कुठे जातो ते मला ठाऊक आहे.

रविवारी त्याच्याकडेच जेवण होतं, आधीपासून ठरलेलं.
रांगफ्रीडने उकडलेला कॉड वाढला,
बाजूला कलेजी, गाबोळी, बटाटे.
हवेबद्दल बोलून झालं.
तिच्या बहिणीच्या गुडघ्याबद्दलही.
टोरलाइफ म्हणाला, मासा काय रेघ बघून पोहतो?
मी म्हटलं, नाही.
तू बघतोस.
रांगफ्रीड बटाटे आणायला उठली,
पातेल्यात बटाटे होते तरी.

मी बर्गनला सहा वर्षं राहून आले,
तो हे बंदर सोडून कधी राहिला नाही.
आतली दोन वळी मात्र आमची
एकाच स्वयंपाकघरातली.

निघताना तो डोक्याचं ताट घेऊन मागे वळला,
सुरी न घेता, नुसत्या बोटांनी
शिजलेली कवटी उकलली,
दोन्ही खडे माझ्या हातमोज्यात टाकले.
वाच, म्हणाला.
राग होता की थट्टा,
पडवीतला दिवा त्याच्या पाठीमागे होता.

मे लागला. ‘हावेला’ धक्क्याला बांधलेली आहे.
खडे कोटाच्या खिशात किल्ल्यांसोबत वाजतात.
दार उघडताना अंगठा आपसूक
मोडायची जागा शोधतो,
आणि सापडते,
आणि मी किल्ली काढते.