काना

वडील नाना पेठेतल्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
लग्नपत्रिका, सर्कशीच्या जाहिराती,
आणि एका उन्हाळ्यात उपासनेचं पुस्तक.
मतांगीकाराचं पान त्यांनीच लावलं:
‘मी विश्वास ठेवितो.’
शेवटी शिशाचा एक काना, ताठ.

क्वार्टर गेटाजवळच्या देवळात
रविवारी साडेआठला सगळे उठायचे, बाकं करकरायची.
पुरुषांच्या आवाजात तो काना उभा राहायचा
आणि आईच्या तोंडी गळून पडायचा.
ठेविते.
जरा उशिरा, जरा हळू.
रात्रपाळी करून ती थेट आलेली असायची,
पदराला स्पिरिटचा वास.

‘बायकांसाठी वेगळं पान नाही का लावता येत?’
एकदा तिनं विचारलं.
‘तबीथा, मी खिळे लावतो. धर्म नाही लावत.’
मग भाकरीत मीठ कमी आहे म्हणाले.

ती पान वाचायची ते केसपेपरसारखं.
म्हणायची, येशू सोडला तर
एवढ्या सगळ्यात माणसांची नावं दोनच:
एक बाळंतीण,
एक सरकारी अधिकारी.
एकीनं जन्म दिला, एकाच्या सहीनं मेला.
आपल्या वॉर्डातही असंच असतं.

दृढीकरणाच्या वर्गात हिवाळे पाद्रींनी सांगितलं,
हे शब्द आधी पाण्यात म्हणायचे.
विश्वास ठेवतोस? ठेवतो.
तीन प्रश्न, तीन बुड्या, नाकातोंडात पाणी.
लिहून घ्यायचं नाही,
काळजावर घ्यायचं.
मग निकीयाला बिशप जमले,
त्यांत कुणाचा छळात एक डोळा गेलेला.
आणि पुढची कित्येक वर्षं भांडण
ग्रीक भाषेतल्या एका बारक्या अक्षरावरून:
पुत्र पित्याशी एकतत्त्व,
की नुसता पित्यासारखा?
पाद्रींनी ते अक्षर फळ्यावर काढलं.
एक उभी रेघ.
मागच्या बाकावरून मला तो काना दिसला.

‘आणि तिथे ते “मी” नाही म्हणाले,’
खडू झटकत ते म्हणाले, ‘“आम्ही” म्हणाले.’

घरी येऊन सांगितलं. आई लसूण सोलत होती.
आम्ही ठेवितो, ती पुटपुटली,
आम्ही ठेवितो.
‘अगं, “आम्ही”ला काना बायकांनाही चालतो की.’
आणि फुंकर मारून सालं उडवली.
रविवारी मात्र ‘ठेविते’च.

वडिलांना अर्धांगवायू झाला
तेव्हा छापखान्यात कॉम्प्युटर येऊन चार वर्षं झाली होती.
बोलणं गेलं. ‘पाणी’सुद्धा म्हणता येईना.
चाकाच्या खुर्चीतून त्यांना देवळात नेलं,
दारातल्या उंबऱ्यावर तिघांनी उचलून.

सगळे उठले. ते बसलेले.
उजवा हात निपचित,
डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर
एकेक खिळा उचलून लावत होती.
स्वर्ग. आणि. पृथ्वी.

शेजारून आवाज आला,
अजिबात उशिरा नाही, अजिबात हळू नाही:
ठेवितो.

पुढच्या बाकावरच्या सत्वशीलाबाईंनी वळून पाहिलं.
आई समोर बघत होती,
एक हात खुर्चीच्या मुठीवर.