ड्राय की स्वीट

दुकानदार विचारतो, ड्राय की स्वीट?
मी लेबलावरचं चित्र बघत राहते:
टेकडी, एक झाड, सोनेरी अक्षरं.
एर्मेलिंडा बरोबर असती तर
काचेवर नखानं टकटक करून म्हणाली असती,
"ठेव गं, खोकल्याचं औषध."

गेल्या नाताळात मी दिलेल्या बाटलीत
मनीप्लांट वाढतोय, माझगावला, तिच्या खिडकीत.
आतलं सगळं विंदालूत गेलं.

बूच काढायचं यंत्र? तिच्याकडे सात.
ग्लास? सहातले तीन
माझ्याच हातून फुटले.

शेवटी क्रॉफर्ड मार्केटातून
दोन किलो काळी द्राक्षं,
आणि चिनीमातीची बरणी, झाकणाला जरासा टवका.

घे बाई, तूच कर.
प्यायचं मला कळत नाही,
ढवळायला मात्र येईन.
एकवीस दिवस,
रोज.